बाण लागला, पण कुणाच्या स्क्रीनवर?

"मामा, मी बरोब्बर डोक्यात मारलो! बाण आरपार गेला आन् हा तसाच पळायलाय!"

धाकटा भाचा माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसला होता. थोरला पुण्यात, होस्टेलच्या वायफायवर. खेळ एकच, संघ मात्र विरुद्ध. बाजूला मोबाईलवर कॉल चालू होता, त्यातून थोरल्याचं उत्तर आलं, "काही पण फेकू नको बे. मी कधीच भिंतीआड गेलो होतो."

निवाडा माझ्याकडे आला. लातूर जिल्ह्यातल्या औशात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, आणि ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा आमच्या घरच्यांचा समज आहे. मी दोघांनाही सांगितलं, की तुम्ही दोघंही खरं बोलताय. त्यावर दोघंही नाराज झाले. त्यांना जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

खेळ तसा सोपा. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, नाव लिहायचं, की तुम्ही थेट किल्ल्यात. काही इन्स्टॉल करायचं नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. दोन संघ, प्रत्येकाच्या हातात धनुष्य, आणि समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा. या जातीचे बरेच खेळ आहेत, 'नॅरो वन' हा त्यातला लेकरांच्या तोंडी असलेला एक. बटण दाबून धरलं की दोरी ताणली जाते, सोडलं की बाण सुटतो.

हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं याचं मला अजूनही नवल वाटतं. मी सायबर कॅफे चालवायचो तेव्हा असले खेळ फ्लॅशवर चालायचे, आणि 'प्लगइन अपडेट करा' ही पाटी मिटवण्यात माझा निम्मा दिवस जायचा. २०२० संपलं तसं फ्लॅशही संपलं. त्याआधीच, २०११ मध्ये, वेबजीएल नावाची सोय आली होती. वेबपेजला कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स चिपकडून थेट काम करून घेता येतं ते तिच्यामुळे. तट, बुरूज, सावल्या ही चित्रं तुमच्याच मशीनवर, सेकंदाला साठेक वेळा नव्याने काढली जातात. इंटरनेटवरून चित्रपट यावा तशी ती येत नाहीत. नेटवरून येतात ते फक्त आकडे: कोण कुठे उभा आहे, कुणाचं तोंड कुठे आहे, कुणी बाण सोडला.

हे आकडे किती थोडे असतात ते बघा. समजा दहा खेळाडू आहेत, प्रत्येकाची माहिती तीस बाइटची, आणि ती सेकंदाला वीस वेळा येते. तासाभराचा हिशेब वीस-बावीस एमबीचा होतो. एवढ्यात तुमचे चार रील्स होतात. म्हणून "आमचं नेट तर फास्ट आहे की, चाळीस एमबीपीएस येतंय" हे बोलणं इथे कामाचं नाही.

एका वेळी किती येतं आणि किती लवकर येतं, हा फरक लातूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. आधी दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. एका फेरीत केवढं पाणी! पण दुपारी दारात आलेल्या पाहुण्याला तांब्याभर पाणी द्यायचं तर ते रेल्वेतून येत नाही, घरातल्या माठातून येतं. स्पीड टेस्टमध्ये दिसतो तो रेल्वेचा आकडा. खेळाला लागतो तो माठाचा: एक घोट मागितला तर हातात यायला किती वेळ? त्या वेळेला पिंग म्हणतात, आणि तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

घोट कुठून मागायचा? सर्व्हरकडून. हा शब्द आता आपल्याकडे शेतातल्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला माझ्या दुकानासमोर रांग लागते आणि मी आतून ओरडतो, "सर्व्हर डाऊन आहे, थांबा!" तोच सर्व्हर. फरक एवढाच की फॉर्मच्या वेबसाइटशी आपलं बोलणं खिडकीवरच्या कारकुनाशी बोलावं तसं असतं: विचारलं, उत्तर मिळालं, खिडकी बंद, पुन्हा काही लागलं की पुन्हा विचारा. खेळात असं करून भागत नाही. तिथे वेबसॉकेट नावाची व्यवस्था वापरतात. फोन लावून तो कट न करता कानाला धरून ठेवावा तसं. ब्राउझर कधीही बोलू शकतो, सर्व्हर न विचारता कधीही सांगू शकतो. याचे ठरलेले नियमही २०११ चेच.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हर या खेळात अंपायर असतो. तुमचा ब्राउझर त्याला "मी त्याला मारलं" असं सांगतच नाही. सांगतो एवढंच, की दोरी इतकी ताणली, तोंड या दिशेला होतं आणि बाण सोडला. बाण लागला की नाही ते सर्व्हर आपल्याकडच्या हिशेबावर ठरवतो. कारण सरळ आहे. ब्राउझरमधला खेळाचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, त्यात हात घालता येतो. खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवला तर उद्या कुणीतरी घरबसल्या "मी सगळ्यांना मारलं" असा निरोप पाठवेल. गल्लीत क्रिकेट खेळताना बॅट्समनलाच आउट आहेस का असं विचारून निर्णय दिला असता तर आमच्या लहानपणी एकही जण आउट झाला नसता.

अंपायर दूर बसलेला आहे, भांडणाचं मूळ तिथे आहे.

काचेच्या केबलमधून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. औशाहून मुंबईचा सर्व्हर पाचशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन हजार. झाले पाच मिलिसेकंद. काहीच नाही. सिंगापूरला सर्व्हर असेल तर जाऊन-येऊन आठ हजार किलोमीटर, म्हणजे चाळीस. जर्मनीत असेल तर नकाशावरच्या सरळ रेषेनेही पासष्ट, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वरच. हा वेळ कोणताही महागडा प्लॅन घेऊन कमी होत नाही, कारण उजेडापुढे कुणाचं चालत नाही.

पण आमच्या धाकट्याचा पिंग सर्व्हर मुंबईत असूनही नव्वद येत होता. पाचाचे नव्वद कुठे झाले? शेवटच्या तुकड्यात. तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळत होता. फोन ते टॉवर हा टप्पा हवेतून आहे आणि त्या टॉवरवर संध्याकाळी अख्खा गाव असतो. त्यातही खरा त्रास नव्वदचा नाही. कधी चाळीस, कधी दोनशे, असं जे उड्या मारतं त्याचा आहे. सारखा उशीर असला तर माणूस सवय करून घेतो. लहरी उशिराची सवय होत नाही, हे एसटीने रोज जाणारा कोणीही सांगेल.

आता समजा खेळ अगदी प्रामाणिक ठेवला. तुम्ही पुढे जायचं बटण दाबलं, निरोप सर्व्हरला गेला, त्याने "जा" म्हटलं, आणि मग तुम्ही हललात. प्रत्येक पावलाला नव्वद मिलिसेकंद उशीर. चिखलात चालल्यासारखं वाटेल, दोन मिनिटांत लेकरू खेळ बंद करेल. म्हणून ब्राउझर थोडी लबाडी करतो. बटण दाबताक्षणी तुम्हाला पुढे हलवून टाकतो, अंपायर हो म्हणेल असं गृहीत धरून. अंपायर नाही म्हणाला तर गुपचूप मागे ओढतो. चालता चालता आपण अचानक दोन पावलं मागे गेलो असं दिसतं ना, ते हेच.

बाकीच्यांच्या बाबतीत उलट लबाडी. सर्व्हर त्यांची जागा सेकंदाला वीस वेळाच सांगतो, स्क्रीन मात्र साठ वेळा बदलते. आलेली जागा तशीच दाखवली तर माणसं बेडकासारखी टुणटुण उड्या मारत पळतील. म्हणून ब्राउझर दोन-तीन निरोप हातात साठवतो आणि त्यांच्यामधून माणसाला सावकाश सरकवत नेतो. दिसायला झकास. पण साठवायचं म्हणजे मागे राहायचं. साधारण शंभर मिलिसेकंद.

म्हणजे स्क्रीनवर तुम्ही स्वतः थोडे भविष्यात असता आणि बाकी सगळे भूतकाळात. क्रिकेटची मॅच असली की हे आमच्या गल्लीतही होतं. केबलवाल्या घरातून "सिक्स!" असा आरडाओरडा येतो आणि मोबाईलवर बघणाऱ्याच्या स्क्रीनवर बॉलर अजून धावत असतो. दोघं एकच मॅच बघतायत आणि दोघांचीही मॅच खरी आहे. फक्त मोबाईलवाल्याने त्या क्षणी पैज लावू नये. आमचा धाकटा नेमकी तीच लावत होता.

हिशेब मांडतो. थोरल्याची जागा सर्व्हरवरून धाकट्यापर्यंत यायला नव्वदचे अर्धे, पंचेचाळीस. साठवणुकीचे शंभर. धाकट्याने बाण सोडला तो निरोप सर्व्हरला पोचायला पुन्हा पंचेचाळीस. एकूण एकशे नव्वद मिलिसेकंद. झेंडा घेऊन पळणारा खेळाडू सेकंदाला सहा मीटर पळत असेल तर एवढ्यात तो एक मीटरहून जास्त पुढे जातो. धाकट्याने डोक्यावर नेम धरला होता, पण सर्व्हरच्या वहीत तिथे डोकंच नव्हतं. मीटरभर मागची हवा होती.

बंदुकीच्या खेळात यावर एक जुना तोडगा आहे. सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या जागा लिहून ठेवतो. निरोप आला की घड्याळ मागे फिरवून बघतो: याने गोळी झाडली तेव्हा याला समोरचा कुठे दिसत होता? तिथे लागली असती तर लागली. मारणारा खूश. पण मरणारा? तो त्याच्या स्क्रीनवर भिंतीआड जाऊन, पाणी पिऊन बसलेला असतो आणि तिथे मरतो. मग तो ओरडतो.

माझं मत असं की हे सगळं या एका ठिकाणी येऊन थांबतं. उशीर नाहीसा करता येत नाही, तो फक्त कुणाच्या तरी अंगावर ढकलता येतो. मारणाऱ्याच्या बाजूने नियम केला की मरणारा रडतो, मरणाऱ्याच्या बाजूने केला की मारणारा. खेळ बनवणारा एवढंच ठरवतो, की रडायचं कुणी.

धनुष्यबाणात हा पेच आणखी मजेशीर होतो. बऱ्याच खेळांत गोळी झाडली त्याच क्षणी लागते, मध्ये प्रवास नसतो. बाणाला वेळ लागतो. पन्नास मीटर सेकंदाच्या वेगाने सुटलेला बाण चाळीस मीटरवर पोचायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त घेतो, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तीन मीटर खाली येतो. खऱ्या मैदानावरही असंच. २०२३ मध्ये बर्लिनला आपली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते पन्नास मीटरवरून. त्यांचं कंपाउंड धनुष्य बाण बराच जोरात फेकतं, तरी तो सरळ रेषेत जात नाही, कमान करूनच जातो. खेळात तर समोरचं लक्ष्य पळतंही. त्या पाऊण सेकंदात ते पाच मीटर पुढे गेलेलं असतं.

या संथपणाचा सर्व्हरला मात्र मोठा फायदा होतो. माणूस पळता पळता कधीही वळेल, म्हणून त्याची जागा सारखी कळवावी लागते. बाणाचं तसं नाही. तो कुठून, कोणत्या दिशेला, किती जोरात आणि कधी सुटला एवढं एकदा सांगितलं की पुढची कमान प्रत्येक ब्राउझर आपल्या आपण काढू शकतो. बाण एकदा सुटला की त्याचं मन बदलत नाही. त्यामुळे आकाशात शंभर बाण असले तरी नेटवर भार फारसा वाढत नाही.

तोटा असा, की बाणाच्या खेळात घड्याळ मागे फिरवणं नीट जमत नाही. गोळीचा एकच क्षण तपासायचा असतो. बाणाचा सगळा प्रवास. आणि समोरच्याला तो येताना दिसायला हवा, चुकवायची संधी मिळायला हवी, नाहीतर धनुष्याची मजाच गेली. म्हणून सोपा मार्ग हा: निरोप पोचल्यावर सर्व्हर आपला बाण सोडतो आणि तोच खरा मानतो. धाकट्याच्या स्क्रीनवर बटण सोडताच जो बाण उडाला तो शोभेचा, त्याला बरं वाटावं म्हणून ब्राउझरने काढलेला. तो डोक्यातून आरपार गेला, आणि खरा बाण मागून येऊन भिंतीवर आपटला. आता कळलं दोघं खरं का बोलत होते ते?

नेटचं आणखी एक दुखणं आहे. वेबसॉकेट ज्या पद्धतीवर चालतं तिचा नियम कडक: निरोप पाठवले त्याच क्रमाने पोचले पाहिजेत, एकही गाळायचा नाही. रेशन दुकानात अंगठ्याच्या मशीनपुढे बघा. एका आजीचा अंगठा जुळत नाही, रेषा कामाने झिजलेल्या. मागे पंधरा जण अंगठे तयार ठेवून उभे, पण आजीचं होईपर्यंत कुणीच पुढे नाही. तसंच एक निरोप हवेत हरवला की तो पुन्हा मागवेपर्यंत मागचे ताजे निरोप आलेले असूनही दारात थांबतात. स्क्रीनवर सगळे पुतळ्यासारखे गोठतात आणि मग एकदम धावत सुटतात. खरं तर खेळाला जुन्या निरोपाची गरजच नसते. अर्ध्या सेकंदापूर्वी तो कुठे होता हे आता कळून काय उपयोग? हरवलेलं सोडून पुढे चला म्हणणारी वेबआरटीसीसारखी पद्धत ब्राउझरमध्ये आहे, व्हिडिओ कॉल तिच्यावरच चालतात. पण ती उभी करणं किचकट, म्हणून पुष्कळ छोटे खेळ वेबसॉकेटवरच भागवतात. तुमचं हॉटस्पॉट गळकं असेल तर हे गोठणं तुम्हालाच दिसणार, मुंबईवाल्याला नाही.

ब्राउझरचे स्वतःचे काही नखरेही माहीत असावेत. दुसऱ्या टॅबवर गेलात की मागचा टॅब चित्र काढणं थांबवतो. तुमचा गडी किल्ल्यात तसाच उभा, लोक येऊन बाण मारून जातात. एस्केप दाबलं की कैद केलेला माउस सुटतो आणि मान फिरेनाशी होते. आणि एकदा धाकटा झेंडा घेऊन आपल्या तळापासून दहा पावलांवर आला होता. त्याला वाटलं वाकून जावं. पुढे जायला डब्ल्यू दाबलेलं होतंच, वाकायला त्याने कंट्रोल दाबलं. कंट्रोल आणि डब्ल्यू मिळून ब्राउझरमध्ये काय होतं? टॅब बंद. किल्ला गेला, झेंडा गेला, समोर नुसता माझ्या दुकानाचा वॉलपेपर. पोरगं दोन मिनिटं बोललं नाही. ही जोडी वेबपेजला सहसा अडवता येत नाही, म्हणून शहाणे खेळ वाकायला दुसरंच बटण देतात.

संघाचं थोडक्यात सांगतो, कारण ते शिकवायला औशाचा किल्ला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो डोंगरावर नाही, खोलगट जागेत आहे. भोवती खंदक आणि दुहेरी तट. धाकट्याला मी तिथे नेलं आणि विचारलं, वरून बाण मारणारा कुठे उभा राहील? त्याने बरोबर जागा दाखवली: जिथून वाट वळते, आणि वळताना माणसाला वेग कमी करावाच लागतो, तिथे. खेळातही तेच. लांबून पळणाऱ्यावर नेम धरणं हे पिंग चांगला असणाऱ्याचं काम. ज्याचा पिंग वाईट त्याने दाराशी, जिन्याशी, अरुंद बोळाशी थांबावं, कारण तिथे समोरचा कुठून येणार हे ठरलेलं असतं.

आम्ही घरी तीन बदल केले. हॉटस्पॉट सोडून दुकानाच्या ब्रॉडबँडला वायर लावली. पिंग नव्वदवरून तिशीत आला आणि उड्या थांबल्या. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, कारण लाइट कधी जाईल ते आपल्या हातात नाही आणि कॉम्प्युटरला यूपीएस असून राउटर मेला तर उपयोग शून्य. आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन कधीतरी मीच बंद करून ठेवलं होतं ते चालू केलं. त्यामुळे चित्र काढायचं काम प्रोसेसरवरून ग्राफिक्स चिपकडे गेलं आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर आला.

रविवारी पुन्हा डाव मांडला. थोरला झेंडा घेऊन त्याच दाराकडे पळत होता. धाकट्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. दाराच्या पुढे, दोन हात वर, रिकाम्या हवेत नेम धरला आणि दोरी सोडली.

फोनमधून ओरडा आला, "मामा, मी भिंतीआड होतो की!"